उसने किती, स्वतःचे किती?

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या आणि त्याचा एक मित्र सुटीला गावी आले होते. दोघेही शहरात वसतिगृहात राहून शिकतात. तिसऱ्या दिवशी पाहतो तो दोघांचा अबोला. एक ओसरीवर, तर एक परसात. चौकशी केली तेव्हा कळले की भांडण पैशाचे नव्हते, अभ्यासाचेही नव्हते. अमेरिकेतल्या गायक-वादकांच्या एका संचाचे संगीत पुतण्याला फार आवडते. त्यावर मित्र म्हणाला होता, "त्यात त्यांचं स्वतःचं काय आहे? सगळं त्या फ्रेंच माणसाचं चोरलंय."

पुतण्या न्याय मागायला माझ्याकडे आला. "काका, तुम्ही इतकी वर्षं शाळेत गाणं शिकवलंत. तुम्हीच सांगा, कुणाचं तरी ऐकून आपण काही केलं, तर ती चोरी होते का?"

मी म्हटले, "बाबा रे, आधी ते ऐकव तरी." त्याने फोनची बोंडे माझ्या कानांत घातली. पहिल्या दहा सेकंदांत मी ती काढून टाकली. दुसऱ्या खेपेला मात्र नेटाने शेवटपर्यंत ऐकले. पुढे तीन-चार महिने या संगीताचा इतिहास समजून घेतला. जे कळले ते आज तुम्हांला सांगतो.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या या आरडाओरड्याशी आम्हांला काय करायचंय? संगीत परके आहे हे खरे. वाद मात्र आपल्या ओळखीचा आहे. वर्गात एका मुलाचा निबंध दुसऱ्याच्या निबंधासारखा निघतो, भजनी मंडळात एकाची चाल दुसऱ्याच्या चालीसारखी लागते, आणि आपण चटकन बोलून जातो, "हे चोरलेलं आहे." कुणाला चोर म्हणणे ही काही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा तसे म्हणण्यापूर्वी काय तपासावे, ते या दूरच्या उदाहरणावरून पाहू.

प्रथम हे संगीत ऐकायला कसे असते ते सांगतो. त्याचे मूळ नाव ब्लॅक मेटल. जत्रेत कर्णा प्रमाणाबाहेर मोठा केला की आवाज फाटतो, हे तुम्ही ऐकले असेल. या संगीतात गिटारचा आवाज यंत्राने मुद्दाम तसा फाडलेला असतो. मेंडोलिनवाला जशी नखी तारेवर भराभर खाली-वर फिरवतो, तशी येथे गिटारवर फिरवतात. ड्रम इतक्या जलद वाजतात की ठोके मोजता येत नाहीत. गाणारा गात नाही, किंचाळतो.

आता यातली खुबी पाहा. हात अतिशय जलद चालतो, पण स्वर मात्र सावकाश बदलतात. तारेवरचे आघात एकमेकांत मिसळून जातात आणि त्यांचा एक सलग पडदा तयार होतो. मुसळधार पावसात एकेक थेंब ऐकू येत नाही, नुसता पाऊस ऐकू येतो, तसे म्हणा ना. या पडद्यावर एखादी संथ, उदास धून तरंगत राहते. ज्यांनी वेगापेक्षा या पडद्यावर भर दिला, गाणी दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटे लांबवली आणि रान, डोंगर, हिवाळा यांचा भास उभा केला, त्यांच्या संगीताला ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल म्हणतात. वातावरण उभे करणारे ब्लॅक मेटल, असा त्याचा अर्थ.

'ब्लॅक मेटल' हे नाव आले इंग्लंडमधून. न्यूकॅसलच्या व्हेनम नावाच्या संचाने १९८२ साली या नावाची ध्वनिमुद्रिका काढली. दोन वर्षांनी, १९८४ साली, स्वीडनमधल्या बाथरी या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका आली. ती ऐकून लोक म्हणाले, ही व्हेनमची नक्कल. बाथरीचा प्रमुख, क्वॉर्थन हे टोपणनाव घेतलेला तरुण, सांगत असे की त्या वेळी आपण व्हेनम ऐकलेच नव्हते. पुष्कळांना ते पटले नाही. म्हणजे नक्कल आणि स्वतंत्र निर्मिती यांचा वाद या संगीताच्या जन्मापासूनच सुरू आहे.

नंतर हे रोप नॉर्वेत गेले आणि तिथे फोफावले. नॉर्वेतल्या मेहेम या संचाचा प्रमुख ओय्स्टाइन आर्सेथ. यूरॉनिमस या नावाने तो ओळखला जाई. खरे ब्लॅक मेटल कोणते आणि खोटे कोणते, हे ठरवण्यात तो मोठा कडक होता. सारे काही सोवळ्यात हवे! पण याच मेहेमने १९८७ साली काढलेल्या 'डेथक्रश' या ध्वनिमुद्रिकेची सुरुवात पाहा. ती आहे कॉनराड श्निट्झलर या जर्मन संगीतकाराची, आणि तो विजेच्या वाद्यांवर प्रयोग करणारा मनुष्य. मेटल संगीताशी त्याचा काही संबंध नव्हता. यूरॉनिमसला त्याचे संगीत आवडे, म्हणून त्याच्याकडून ते मागून आणले होते. सोवळे सांगणाऱ्याच्याच घरात बाहेरचा पाहुणा पाटावर बसलेला होता.

आता मुख्य खटल्याकडे वळतो. त्यासाठी आणखी एका घराण्याची ओळख करून घ्यावी लागेल.

१९९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये शूगेझ नावाचा प्रकार पुढे आला. शू म्हणजे बूट आणि गेझ म्हणजे टक लावून पाहणे. हे वादक आवाज बदलणारी यंत्रे पायांशी ठेवून ती पायाने चालू-बंद करत. त्यामुळे मान सारखी खाली. वृत्तपत्रवाल्यांनी थट्टेने नाव ठेवले, बुटांकडे पाहणारे! थट्टेचे नाव पुढे कायमचे झाले. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या संचाची 'लव्हलेस' ही १९९१ ची ध्वनिमुद्रिका आणि स्लोडाइव्ह या संचाची 'सूव्हलाकी' ही १९९३ ची ध्वनिमुद्रिका, ही या प्रकाराची दोन प्रसिद्ध उदाहरणे. 'लव्हलेस'मध्ये केविन शील्ड्स हा वादक गिटारची दांडी हातात धरूनच तारा छेडतो. ती दांडी दाबली की सगळ्या तारा एकदम सैल पडतात. त्यामुळे सूर झोके खाल्ल्यासारखा हलत राहतो. असे थरावर थर चढवून तो आवाजाची भिंत उभी करतो, आणि गाणाऱ्याचा कोमल आवाज त्या भिंतीत अर्धा बुडवून टाकतो.

तुमच्या लक्षात आले असेल. नॉर्वेतला किंचाळणारा आणि इंग्लंडातला हळू गाणारा, दोघांचे भाव अगदी वेगळे. पण आवाजाचा सलग पडदा आणि त्यात बुडालेला कंठ ही रचना दोघांचीही जवळजवळ सारखीच. दोन शेतांत दोन विहिरी खणाव्यात आणि खाली झरा एकच लागावा, तशातला हा प्रकार.

ह्या दोन विहिरी जोडल्या म्हणून ज्याचे नाव घेतात, तो फ्रान्सच्या दक्षिण भागातला तरुण स्तेफान पो. त्याने 'नेज' हे नाव घेतले आहे. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ बर्फ. त्याच्या संचाचे नाव आल्सेस्त. आरंभी तो साधे ब्लॅक मेटलच वाजवी. २००५ साली त्याने 'ल सेक्रे' ही दोनच गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका काढली आणि २००७ साली 'सूव्हनीर दं ओत्र मोंद', म्हणजे दुसऱ्या एका जगाच्या आठवणी, ही मोठी. गिटार ब्लॅक मेटलची, पण गाणे मऊ आणि मन उजेडाने भरून जावे असे. नेज सांगतो की लहानपणी त्याला एका प्रकाशमय जगाचे भास होत, आणि त्या जगाचा ठाव आवाजात धरावा म्हणून त्याने हे संगीत केले.

समीक्षक मात्र म्हणाले, हे तर शूगेझ! याने स्लोडाइव्हकडून घेतले. त्यावर नेजचे म्हणणे असे, की ते संगीत रचले तेव्हा शूगेझ आपल्याला ठाऊकच नव्हते. लोकांनी तुलना केली म्हणून आपण नंतर ते ऐकले. हे खरे मानायचे का? मला तरी मानायला अडचण वाटत नाही. कारण मघाशी सांगितलेच: पडदा ब्लॅक मेटलमध्ये होताच. त्यातली किंचाळी काढून मऊ गळा घातला, उदास स्वरांच्या जागी प्रसन्न स्वर घातले, की मनुष्य आपल्याच वाटेने शूगेझच्या दारात येऊन उभा राहतो. साम्य दिसले म्हणजे उसनवारी सिद्ध झाली असे नाही, हा यातला पहिला धडा.

पुढची गोष्ट तर फार गोड आहे. नंतर नेजला स्लोडाइव्ह मनापासून आवडू लागले. २०१४ साली त्याने 'शेल्टर' ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात ब्लॅक मेटलचा मागमूस नाही, आणि एका गाण्यात स्लोडाइव्हचा गायक नील हॉलस्टेड स्वतः गायला आहे. म्हणजे आरोप आधी झाला आणि ऋण नंतर घेतले गेले, तेही उघडपणे, पाहुण्याला घरी बोलावून.

आता पुतण्याच्या आवडीचा संच. त्याचे नाव डेफहेवन. जॉर्ज क्लार्क आणि केरी मकॉय या दोघांनी तो २०१० साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात काढला. २०१३ साली त्यांची 'सनबेदर' ही ध्वनिमुद्रिका आली आणि मोठी खळबळ उडाली. ब्लॅक मेटलच्या मुखपृष्ठावर काळे रान किंवा बर्फ असायचे. हिचे मुखपृष्ठ गुलाबी! उन्हात डोळे मिटून पडले असता पापण्यांच्या आतून जो रंग दिसतो, तो त्यांना दाखवायचा होता. समीक्षकांनी डोक्यावर घेतले, तर सोवळ्यातले श्रोते म्हणाले, हे बाटलेले संगीत. तिसरे म्हणाले, ही आल्सेस्तची नक्कल. ब्लॅक मेटल आणि शूगेझ यांच्या मिश्रणाला तोवर ब्लॅकगेझ हे जोडनाव मिळाले होते.

डेफहेवनने आल्सेस्त ऐकले होते का? अर्थात ऐकले होते. त्यांनी ते लपवलेले नाही. 'सनबेदर'मध्येच एका तुकड्यात नेजचा आवाज आहे. मिलान कुंदेरा या लेखकाच्या कादंबरीतला उतारा तो तिथे वाचतो. ज्याच्याकडून घेतले त्यालाच मांडवात मानाने बसवणारा चोर तुम्ही कधी पाहिलाय का?

बरे, मग त्यांचे स्वतःचे काय? ऐकताना मला दोन गोष्टी दिसल्या. नेजने 'सूव्हनीर'मध्ये किंचाळी बाजूला ठेवली होती. क्लार्क गोड स्वरांच्या ऐन मध्यावर किंचाळतो. हाक यावी आणि दार उघडू नये, अशी तगमग त्यातून जाणवते. दुसरी गोष्ट विषयाची. नेज दुसऱ्या जगाबद्दल गातो. क्लार्कने श्रीमंत वस्तीतून जाताना हिरवळीवर ऊन खात पडलेली एक मुलगी पाहिली होती. आपल्याला न मिळणारे ते सुखाचे घर, ते स्वास्थ्य, आणि आपल्यातले उणेपण, हा त्याचा विषय. जंगल नाही, राक्षस नाही, देवदूत नाही. पोटापाण्याच्या चिंतेत असलेल्या शहरी तरुणाचे मन तेवढे आहे. आवाजाचे पुष्कळसे सामान उसने, पण त्यात मांडलेला संसार त्यांचा. माझ्या मते त्याला चोरी म्हणता येणार नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण देतो. १९१६ साली 'स्वयंवर' नाटक रंगभूमीवर आले. त्यातल्या पदांना भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली दिल्या. आपण त्याला चोरी म्हणत नाही. सामान जुने होते, पण नाटकात त्याला नवे काम मिळाले.

इथवर सारे सोपे होते. आता अवघड भाग.

वातावरणाचे ब्लॅक मेटल वाजवणाऱ्या बहुतेकांवर एका माणसाचे ऋण आहे. तो नॉर्वेचा वार्ग विकेर्नेस. बुर्झुम या नावाने तो एकटाच सर्व वाद्ये वाजवी. त्याची 'फिलोसोफेम' ही ध्वनिमुद्रिका १९९३ साली मुद्रित झाली आणि १९९६ साली बाहेर आली. त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्याने गिटारसाठी भावाच्या घरगुती स्टिरिओचा ॲम्प्लिफायर वापरला आणि आवाजासाठी मुद्दाम वाईटात वाईट मायक्रोफोन निवडला. दूरच्या फोनवरून यावा तसा आवाज त्यातून येतो. तिच्यातला एक तुकडा पंचवीस मिनिटांहून लांब आहे. त्यात ड्रम नाहीत, किंचाळी नाही, थोडेच सूर पुन्हापुन्हा येत राहतात. पुढच्या कितीतरी संचांची वाट इथून फुटली.

आणि हाच मनुष्य खुनी आहे. ऑगस्ट १९९३ मध्ये त्याने यूरॉनिमसचा खून केला. १९९४ साली न्यायालयाने त्याला खुनासाठी आणि चर्च जाळल्याबद्दल २१ वर्षांची शिक्षा दिली. २००९ साली तो सुटला. वंशद्वेषाचे विचारही त्याने वर्षानुवर्षे उघडपणे मांडले आहेत.

मग त्याच्यापासून शिकलेल्यांनी काय करावे? त्याचे नावच घ्यायचे नाही, आणि हे सारे आपल्यालाच सुचले असे सांगायचे, ही एक सोयीची वाट आहे. पण ते खोटे ठरेल. उलट, कला मोठी म्हणून माणसाचे सारे पोटात घालायचे, ही दुसरी वाट त्याहून वाईट. मला वाटते, येथे हिशेब दोन वह्यांत ठेवावा. एका वहीत लिहावे: ही युक्ती याच्याकडून आली. दुसऱ्या वहीत लिहावे: याने खून केला, द्वेष पसरवला, ते आम्हांला मान्य नाही. एका वहीतली जमा दुसऱ्या वहीतल्या खर्चात वळती करायची नाही. शिवाय हेही खरे, की ती युक्ती त्या एकट्याची नव्हतीच. तारेवर नखी चालवण्याची नॉर्वेतली ती खास ढब यूरॉनिमस आणि स्नोरे रुक या दोघांनी बसवली, असे त्यांच्याच वर्तुळातला, डार्कथ्रोन या संचाचा फेनरिझ सांगतो. ऋणाची नोंद नीट ठेवली की एकाच माणसाचा देव्हारा होत नाही. नोंद ठेवण्याचा हा मोठाच फायदा आहे.

युक्ती घेऊन तिला आपल्या मातीत कसे रुजवता येते, याची दोन उदाहरणे सांगतो. अमेरिकेच्या वायव्येला ओलिंपिया नावाचे गाव आहे. तिथले नेथन आणि ॲरन वीव्हर हे दोघे भाऊ गावाबाहेर शेती करून राहिले. त्यांचा संच 'वुल्व्ज इन द थ्रोन रूम'. २००७ च्या 'टू हंटर्स' या ध्वनिमुद्रिकेत नॉर्वेकडून शिकलेली गिटार आहे, पण रान आहे ते त्यांच्या भागातल्या उंच, ओल्या अरण्यांचे. दुसरा ऑस्टिन लन. पॅनॉप्टिकन या नावाने त्याने २०१२ साली 'केंटकी' काढली. केंटकी हा कोळशाच्या खाणींचा प्रदेश. लनने ब्लॅक मेटलला तिथल्या डोंगरी लोकसंगीताची, बँजो-फिडलची जोड दिली आणि खाणकामगारांच्या संपाची जुनी गाणी त्यात घेतली. त्यातले एक गाणे फ्लॉरेन्स रीस या खाणकामगाराच्या बायकोने १९३१ च्या संपात लिहिले होते. आणि गंमत अशी, की तिनेही ते लोकांच्या तोंडी असलेल्या जुन्या चालीवरच बसवले होते. उसनवारीची साखळी अशी मागे मागे जातच राहते.

तेव्हा शिक्षकमित्रहो, वर्गात असा वाद निघाला तर चार प्रश्न विचारून पाहा. जे सारखे दिसते ते त्या प्रकाराचे सर्वांचे सामान आहे, की एका माणसाची खास करणी आहे? ओवीला ओवीचा छंद असणारच. त्याला नक्कल म्हणत नाहीत. दुसरा प्रश्न, नंतरच्याने आधीचे खरोखर पाहिले-ऐकले होते का? तिसरा, घेतल्यानंतर त्यात बदल काय केला, आणि तो बदल कशासाठी? चौथा, ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव तो घेतो का? ज्या कामात बदल काहीच नाही आणि नावही लपवले आहे, ते खुशाल चोरी ठरवा. एरवी जरा थांबा. वाटल्यास मुलांना गावातल्या दोन बायांच्या जात्यावरच्या ओव्या ऐकवा, आणि सारखे काय, वेगळे काय, याच्या दोन याद्या करायला सांगा. एका तासात त्यांना जे कळेल ते माझ्या भाषणाने कळायचे नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत ती दोन्ही पोरे पुन्हा आली. मी त्यांना समोर बसवून हे सगळे सांगितले. मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, चोरी नाही हे पटलं. पण मला अजूनही फ्रेंचवालाच जास्त आवडतो." पुतण्या म्हणाला, "आवड म्हण ना मग. चोर कशाला म्हणतोस?"

मला वाटते, निकाल तिथेच लागला. संध्याकाळी दोघे ओसरीवर बसले होते. एक बोंड याच्या कानात, दुसरे त्याच्या कानात. कुणाचे संगीत लागले होते, ते मी विचारले नाही.